अस्थिर बालक आणि पालकांचा दोष : एका समजुतीचा इतिहास

१

मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले ऐकून घेत नाही, हाती घेतलेले काम पुरे करीत नाही, असे दिसू लागले की आपल्याकडे पहिला प्रश्न बहुधा त्या मुलाविषयी विचारला जात नाही; तो त्याच्या आईविषयी विचारला जातो. 'मुलाला वळण लावले नाही' हे वाक्य मराठी घरांत इतके रुळलेले आहे की, त्यात एक उपपत्ती दडलेली आहे याची जाणीव बोलणाऱ्यासही नसते. मुलाचे वर्तन हे पालकांच्या वर्तनाचे फळ होय, म्हणून त्यात वैगुण्य दिसल्यास त्याचे मूळ घरात शोधावे, अशी ती उपपत्ती आहे.

ज्या अवस्थेस आज वैद्यकात अवधान-न्यूनता व अतिचांचल्य विकार, अथवा संक्षेपाने ए. डी. एच. डी., असे म्हणतात, तिच्या बाबतीत ही उपपत्ती कितपत टिकते, हा प्रश्न गेली सुमारे अडीचशे वर्षे निरनिराळ्या रूपांनी चर्चिला गेला आहे. या विकाराचा वैद्यकीय इतिहास अनेकांनी लिहिला आहे. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. या इतिहासात पालकांना वेळोवेळी कोणते स्थान देण्यात आले, ते का बदलले, आणि त्या बदलांतून आज कोणता निष्कर्ष काढणे रास्त ठरते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन प्रश्न आरंभीच वेगळे केले पाहिजेत. मुलाची अस्थिरता कोठून उत्पन्न झाली, हा एक प्रश्न. आणि ती उत्पन्न झाल्यावर पालकांनी कसे वागल्यास मुलाचे हित होते, हा दुसरा. पहिला कारणाचा आहे, दुसरा कर्तव्याचा. या दोहोंची गल्लत झाली की एक तर निरपराध पालकांवर दोष लादला जातो, किंवा पालकांच्या हाती काहीच नाही अशी निराशा पसरते. पुढील इतिहासात ही गल्लत पुन्हा पुन्हा आढळेल.

२

अवधानाच्या अभावाचे वैद्यकीय वर्णन प्रथम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळते. मेल्खिओर आडाम वाइकार्ट या जर्मन वैद्याच्या १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अवधानहीनतेवर एक प्रकरण आहे. अशा मनुष्याचे चित्त क्षुल्लक आवाजानेही विचलित होते, त्याला कोणतीही गोष्ट अर्धवटच कळते, असे तो नमूद करतो. कारणे सांगताना तो शरीरतंतूंच्या मृदुतेचा उल्लेख करतो आणि त्याचबरोबर संगोपनातील दोषांनाही जबाबदार धरतो. उपचार म्हणून त्याने थंड पाण्याचे स्नान, आंबट दूध, घोडदौड, पोलादाची भुकटी व काही प्रसंगी अंधारात एकांतवास हे सुचविले. आजच्या वाचकास यातील काही उपाय चमत्कारिक वाटतील. तथापि या वादातील शरीर आणि संगोपन हे दोन्ही पक्ष त्याच्या ग्रंथात आरंभापासूनच शेजारी शेजारी उभे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यानंतर १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याचा मनोविकारांवरील ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील अवधानावरील प्रकरणात त्याने असे प्रतिपादिले की, एकाच विषयावर चित्त स्थिर ठेवण्याची असमर्थता ही जन्मजात असू शकते किंवा एखाद्या आजारामुळेही उद्भवू शकते. ती जन्मजात असल्यास फार लहान वयात दिसू लागते व शिक्षणास बाधक होते. परंतु वाढत्या वयाबरोबर ती बहुधा कमी होते, असेही त्याचे निरीक्षण होते. लॅटिन व ग्रीक व्याकरणाच्या रुक्षतेस कंटाळलेल्या काही मुलांचे अवधान छडीच्या धाकानेही मिळत नाही आणि प्रेमळ विनवणीनेही मिळत नाही, हा अनुभव त्याने तत्कालीन शिक्षकांच्या पदरी घातला आहे.

क्रायटनचे हे निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. धाक आणि लाड ही दोन्ही साधने जेथे निष्फळ ठरतात, तेथे 'धाक कमी पडला' अथवा 'लाड फार झाले' या दोन्ही आरोपांचा पाया ढासळतो. परंतु या निरीक्षणाचा पाठपुरावा पुढे सुमारे शंभर वर्षे झाला नाही.

३

मधल्या काळात या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र वैद्यकग्रंथात न रंगता बालवाङ्मयात रंगले. फ्रांकफुर्ट येथील डॉक्टर हाइनरिख होफमान याने १८४४ सालच्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी बाजारात पुस्तक शोधले. मनासारखे न मिळाल्याने त्याने स्वतःच चित्रे काढून पद्ये रचली. ते पुस्तक १८४५ साली छापले गेले आणि 'स्ट्रुव्हेलपेटर' या नावाने जगभर गेले. त्यात समाविष्ट झालेल्या चुळबुळ्या फिलिपच्या कथेत जेवणाच्या टेबलावर बसलेला मुलगा खुर्ची मागेपुढे झुलवीत राहतो, पडता पडता टेबलावरील चादर धरतो आणि सारे अन्न जमिनीवर येते.

या कथेस पुष्कळ लेखक विकाराचे पहिले वर्णन मानतात. होफमान पुढे १८५१ साली फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख झाला, यामुळे त्या समजास बळकटी आली. तथापि कथा लिहिताना रोगवर्णन करण्याचा त्याचा हेतू होता असे मानण्यास आधार नाही. मुलाला हसवीत समज द्यावी, एवढाच तिचा उद्देश दिसतो. आपल्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. तीत बाप ताकीद देतो, आई मुकाट्याने पाहत राहते आणि मूल ऐकत नाही. दोष सर्वस्वी मुलाचा आहे. आईबापांचे नुकसान झाले, जेवण गेले, पण त्यांनी मुलाला असे का घडविले, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही. पालकांवर दोषारोप करण्याची रीत सनातन नाही, तीही विशिष्ट काळात रूढ झाली, हे यावरून दिसून येते.

४

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिस्थितीत एक मोठा पालट झाला. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाची सार्वत्रिक व्यवस्था आरंभिली गेली आणि १८८० पासून शाळेतील उपस्थिती सक्तीची झाली. शेतात, कारखान्यात किंवा रस्त्यावर ज्या मुलाची चपळाई खपून जात असे, किंबहुना उपयोगीही पडत असे, ते मूल आता तासन्‌तास बाकावर बसविले जाऊ लागले. शाळेने हा विकार निर्माण केला असे म्हणता येणार नाही. पण तो दृष्टीस पडेल अशी जागा मात्र शाळेने निर्माण केली.

याच पार्श्वभूमीवर मार्च १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे तीन व्याख्याने दिली. बुद्धीने सामान्य असूनही ज्यांना स्वतःस आवरता येत नाही, तत्काळ सुखाच्या मोहाला जी बळी पडतात, शिक्षा झाल्यावरही काही वेळातच तोच अपराध पुन्हा करतात, अशा मुलांचे त्याने वर्णन केले. त्यांच्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या तिप्पट होते. या अवस्थेस त्याने नैतिक नियंत्रणाची उणीव असे नाव दिले.

'नैतिक' हा शब्द आज कानाला खटकतो आणि स्टिलवर त्यामुळे टीकाही झाली आहे. परंतु त्याच्या प्रतिपादनाचा आशय नावाच्या विरुद्ध दिशेने जाणारा होता. चांगल्या निगराणीत वाढलेल्या मुलांतही ही उणीव दिसते, म्हणून तिचे मूळ मुलाच्या शारीरिक घडणीत असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. अर्थात त्या काळच्या समजुतीप्रमाणे कुळातील दोषांचाही तो विचार करतो. तरीही शिक्षा वारंवार निष्फळ होणे हा पालकांच्या ढिलाईचा पुरावा नसून मुलाच्या अवस्थेचे एक लक्षण आहे, हे त्याने स्पष्ट केले. क्रायटनने सुचविलेली गोष्ट स्टिलने रुग्णांच्या आधारे मांडली, असे म्हणावयास हरकत नाही.

५

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात व नंतर अमेरिकेत मस्तिष्कदाहाची एक साथ पसरली. व्हिएन्ना येथील फोन एकोनोमो याने तिचे वर्णन १९१७ साली केले. या आजारातून बरी झालेली काही मुले पूर्वी शांत व समंजस असूनही नंतर अत्यंत अस्थिर, आवेगी व अनावर झाली. ज्या आईने कालपर्यंत मूल नीट वाढविले होते, तिच्याच घरात, तिच्याच हाताखाली ते मूल एका आजारानंतर बदलले. संगोपन तेच राहून वर्तन पालटल्याचे इतके ढळढळीत उदाहरण पूर्वी कोणाच्या पाहण्यात नव्हते.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील फ्रान्झ क्रामर व हान्स पोल्नोव्ह यांनी १९३२ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. अशा प्रकारचा आजार कधीही न झालेल्या मुलांतही अतिचांचल्य दिसते, मस्तिष्कदाहानंतरची अस्वस्थता रात्रीही त्रास देते तर या मुलांची केवळ दिवसा दिसते, असे त्यांनी दाखविले व या अवस्थेस स्वतंत्र स्थान दिले. हे संशोधन पुढे चालू राहिले नाही. दोघेही ज्यू वंशाचे असल्याने नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला. पोल्नोव्हचा १९४३ साली माउटहाउझेनच्या छळछावणीत अंत झाला.

अमेरिकेत या काळातील महत्त्वाची घटना एका मातापित्यांच्या दुःखातून घडून आली. जॉर्ज व हेलन ब्रॅडली यांची एकुलती एक मुलगी एमा वयाच्या सातव्या वर्षी मस्तिष्कदाहाने आजारी पडून कायमची अपंग झाली. तिच्यासारख्या मुलांसाठी कोठेही योग्य व्यवस्था नाही, हे त्यांनी अनुभवले होते. १९०६ साली निधन पावलेल्या जॉर्ज ब्रॅडली यांनी आपली संपत्ती अशा मुलांच्या संस्थेसाठी ठेवली आणि तीतून ऱ्होड आयलंडमधील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे १९३१ साली मुलीच्या नावाने बालरुग्णालय उघडले. त्याच घराण्यातील डॉ. चार्ल्स ब्रॅडली तेथे काम करीत असता, पाठीच्या कण्यातील द्रव काढून केलेल्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही. परंतु अनेक मुले अभ्यासात एकाएकी लक्ष घालू लागली. १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी ३० मुलांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा झाल्याचे नोंदविले.

उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर व्हावे, हे सकृद्दर्शनी विपरीत वाटते. आजच्या समजानुसार ही औषधे मेंदूतील डोपामीन व नॉरएड्रेनलिन या द्रव्यांची क्रिया वाढवितात व त्यामुळे आवर घालणाऱ्या केंद्रांस साहाय्य होते. परंतु ब्रॅडलींच्या शोधाकडे पुढील वीस वर्षे फारसे कोणी वळले नाही. त्याचे कारण पुढील भागात स्पष्ट होईल.

६

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात अमेरिकेत बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ जोमाने वाढली. १९२२ पासून कॉमनवेल्थ फंडाच्या साहाय्याने निरनिराळ्या शहरांत अशी केंद्रे निघाली. मनोरोगवैद्य मुलास तपाशी, मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्धी मोजी आणि समाजकार्यकर्ती आईशी बोले, अशी सर्वसाधारण पद्धत होती. या पद्धतीचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. मुलास छडी मारण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्यावे, हा विचार तिने रुजविला. भारतात मुंबई येथे १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले व १९३७ साली त्याच्या विद्यमाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले; आपल्या प्रांतात या विचाराचा संस्थात्मक आरंभ तेथून झाला.

परंतु अमेरिकेतील या चळवळीवर मनोविश्लेषणाचा प्रभाव जसजसा वाढला, तसतसे कारणांचे शोधन आईभोवती केंद्रित झाले. डेव्हिड लेव्ही यांनी १९४३ साली मातेच्या अतिसंरक्षणावर ग्रंथ लिहिला. आई फार जवळ आली तर अतिसंरक्षण, दूर राहिली तर अव्हेर, कडक झाली तर दडपण, मऊ झाली तर शिथिलता, असे निदान करण्याची मुभा या विचारसरणीत होती. ज्या उपपत्तीत प्रत्येक शक्य वर्तन दोषास पात्र ठरते, ती अनुभवाने खोटी पाडता येत नाही; आणि म्हणूनच ती शास्त्रीय उपपत्ती म्हणून संशयास्पद ठरते. अशा वातावरणात एका गोळीने मूल सुधारते ही वार्ता गैरसोयीची होती. १९६८ साली अमेरिकन मनोरोगवैद्यांच्या वर्गीकरणात या अवस्थेस जे नाव मिळाले, त्यात 'अतिचंचल प्रतिक्रिया' असा शब्द आहे. प्रतिक्रिया म्हटली की ती कशाची तरी असली पाहिजे. आणि त्या काळी बोट घराकडेच जाई.

याच्या विरुद्ध बाजूस मेंदूच्या सूक्ष्म इजेची उपपत्ती उभी होती. जर्मनीतून अमेरिकेत आलेले आल्फ्रेड स्ट्राउस व लॉरा लेटिनेन यांच्या १९४७ च्या ग्रंथाने ती लोकप्रिय केली. चित्त विचलित करणाऱ्या वस्तू वर्गातून कमी कराव्यात, असा त्यांचा व्यावहारिक सल्ला होता. पालकांना या उपपत्तीने मोठा दिलासा दिला. पण इजेचा प्रत्यक्ष पुरावा बहुतेक मुलांत सापडेना. तेव्हा १९६२ साली ऑक्सफर्ड येथील परिषदेत 'इजा' हा शब्द सोडून 'कार्यदोष' हा शब्द स्वीकारण्यात आला. एका बाजूस अशी गृहीत धरलेली इजा आणि दुसऱ्या बाजूस गृहीत धरलेली सदोष माता, अशी ही परिस्थिती होती.

७

१९७० नंतरच्या दशकात हा वाद वैद्यांच्या सभेतून बाहेर पडून लोकांत आला. १९५० नंतरच्या दशकात मेथिलफेनिडेट हे औषध बाजारात आले होते. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीचे रसायनज्ञ लेआंद्रो पानित्सोन यांनी ते १९४४ साली तयार केले व पत्नीच्या रीटा या नावावरून त्यास रिटालिन हे नाव पडले. जून १९७० मध्ये ओमाहा शहरातील शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर अशी औषधे दिली जातात, असे वृत्त वॉशिंग्टन पोस्टने दिले. सप्टेंबरमध्ये अमेरिकन लोकसभेच्या एका उपसमितीने चौकशी केली. आकडे अतिशयोक्त असल्याचे पुढे दिसले, पण औषध देणारे पालक म्हणजे मुलास गुंगवून आपली सुटका करून घेणारे पालक, अशी एक नवी प्रतिमा तयार झाली.

१९७३ साली बेंजामिन फाइनगोल्ड या अॅलर्जीतज्ज्ञाने अन्नातील कृत्रिम रंग व स्वाद हे अतिचांचल्याचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. हजारो कुटुंबांनी त्याचा आहार स्वीकारला. नियंत्रित प्रयोगांत त्याचा प्रभाव अल्प व थोड्याच मुलांपुरता आढळला. २००७ सालच्या साउदॅम्प्टन येथील प्रयोगात काही रंगांचा मुलांच्या चांचल्यावर लहानसा परिणाम दिसला व २०१० पासून युरोपीय संघाने अशा पदार्थांवर इशारा छापणे सक्तीचे केले. परंतु विकाराचे सर्वसामान्य कारण आहारात आहे, हे सिद्ध झाले नाही. येथेही पालकांच्या स्थानाकडे पाहिले पाहिजे. सर्व अन्न घरी शिजविणे, मुलाच्या प्रत्येक घासावर नजर ठेवणे, हा भार आईवरच पडला. आणि मूल पुन्हा बिघडल्यास पथ्य मोडले असावे, हा आरोपही तिच्याच वाट्यास आला.

दरम्यान माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखविले की, या मुलांची मुख्य अडचण अंगाच्या चळवळीपेक्षा अवधान टिकविण्यात व आवेग आवरण्यात आहे. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात अवधान-न्यूनता हा शब्द आला व 'प्रतिक्रिया' हा शब्द गेला. १९८७ साली आजचे नाव रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणानेही तेच नाव घेतले आहे.

८

पालकांच्या दोषाविषयी निर्णायक म्हणता येईल असा पुरावा १९७९ साली रसेल बार्कली व चार्ल्स कनिंगहॅम यांनी दिला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. अतिचंचल मुलांच्या माता अधिक हुकूम सोडतात, अधिक रागावतात व मुलास कमी शाबासकी देतात, हे पूर्वीच दिसले होते. मग आईच्या रागामुळे मूल चंचल होते, की मुलाच्या चांचल्यामुळे आई रागावते? त्यांनी त्याच मुलांना काही काळ औषध व काही काळ औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन माता व मुले यांचे एकत्र वागणे टिपले. मूल औषधावर असताना ते अधिक ऐके. आणि मातेचे हुकूम व नापसंती कमी होऊन तिचे प्रोत्साहन वाढे. आईस कोणतेही शिक्षण दिलेले नव्हते. मूल बदलले तशी आई बदलली. कठोर माता हे जे कारण समजले जात होते, ते पुष्कळ अंशी कार्य होते.

आनुवंशिकतेच्या अभ्यासाने याच निष्कर्षास पुष्टी दिली. १९७३ साली मॉरिसन व स्ट्यूअर्ट यांनी दत्तक मुलांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना वाढविणाऱ्या आईबापांत या विकाराच्या खुणा विशेष आढळल्या नाहीत. जुळ्या मुलांच्या अनेक अभ्यासांनुसार या विकारातील व्यक्तिभेदांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिक आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात विकाराशी निगडित १२ स्थाने सापडली; २०२३ साली ही संख्या २७ झाली. यास एक अपवाद नमूद केला पाहिजे. रुमेनियातील अनाथालयांत सहा महिन्यांहून अधिक काळ घोर उपेक्षेत राहिलेल्या व पुढे इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या मुलांत अवधानाचे दोष अधिक प्रमाणात व दीर्घकाळ आढळले. परंतु ती अवस्था सर्वसाधारण घरातील उण्याअधिक शिस्तीच्या पलीकडची आहे. तिचा दाखला देऊन कोणत्याही नांदत्या घरावर ठपका ठेवता येणार नाही.

कारणाच्या प्रश्नाचे उत्तर असे लागले. म्हणून कर्तव्याचा प्रश्न सुटतो काय? येथे ऑरेगॉनमधील जेराल्ड पॅटर्सन यांचे कार्य उपयोगी पडते. घरातील झगडा कसा वाढतो, हे त्यांनी घरोघरी निरीक्षण करून दाखविले व १९८२ च्या ग्रंथात त्याची मांडणी केली. आई हुकूम करते, मूल आरडाओरड करते, थकलेली आई हुकूम मागे घेते. मुलास ओरडण्याचे फळ मिळाले; आईसही क्षणभर शांतता मिळाली. दुसऱ्या वेळी आई आवाज चढविते, मूल ऐकते. मग आवाज चढविण्याची सवय आईस लागते. दोघेही एकमेकांस नकळत शिकवीत असतात. चंचल मुलाच्या घरी असे प्रसंग दिवसातून कितीतरी वेळा येतात. त्यामुळे ज्या चुका इतर घरांत पचून जातात, त्या तेथे पचत नाहीत.

या विचारातून पालक-प्रशिक्षणाची पद्धत निघाली. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन व मुलाचे लक्ष वेधून द्यावी. ऐकल्यास तत्काळ शाबासकी द्यावी, कारण दूरच्या बक्षिसाची ओढ या मुलांना कमी असते. अभ्यासाचे लहान लहान भाग पाडावेत. नियम थोडे पण रोज तेच असावेत. शिक्षा सौम्य, अल्पकाळाची व आधी सांगितलेली असावी. शिक्षकाकडून रोजची नोंद मागवून तिला घरी प्रतिसाद द्यावा. बाजारात किंवा लग्नकार्यास निघण्यापूर्वी काय अपेक्षित आहे ते मुलास सांगून ठेवावे, अशी तिची मुख्य सूत्रे आहेत. यातील कोणतेही सूत्र पालक दोषी असल्याचे गृहीत धरीत नाही. दृष्टी अधू असलेल्या मुलाच्या घरात वस्तू जागच्या जागी ठेवाव्या लागतात. म्हणून पूर्वीच्या पसाऱ्याने दृष्टी गेली, असे कोणी म्हणत नाही.

१९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या चौदा महिन्यांच्या अभ्यासाने दोन्ही उपचारांची तुलना केली. विकाराची मुख्य लक्षणे कमी करण्यात काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. परंतु २००० साली त्याच माहितीचे अधिक विश्लेषण झाले, तेव्हा असे दिसले की, दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्या ज्या कुटुंबांत रागाची व परिणामशून्य शिस्त सर्वांत जास्त घटली, त्या कुटुंबांतील मुलांचे शाळेतील वर्तन जवळजवळ इतर मुलांसारखे झाले. तीन वर्षांनंतर निरनिराळ्या उपचारगटांतील फरक उरला नाही, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. कोणताही उपचार एकदा करून संपत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयाचा.

९

आता आरंभीच्या 'वळण' या शब्दाकडे परत येऊ. 'खाण तशी माती' ही म्हण आपण आईबापांस टोचून बोलण्यासाठी वापरतो. आनुवंशिकतेच्या अर्थाने ती या विकारास बऱ्याच अंशी लागू पडते. पण तेव्हा तिच्यातील टोचणी नाहीशी होते. ज्या बापास लहानपणी शाळेत रोज उभे केले जाई, त्याच्याच मुलास आज उभे केले जात असेल, तर तो दोष कोणाच्या शिस्तीचा म्हणावयाचा? आणि याच न्यायाने अशा घरातील एखाद्या पालकास स्वतःलाच वेळापत्रक पाळणे कठीण जाते, हेही सल्ला देणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली; हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. क्रायटनने १७९८ साली जे पाहिले होते, त्यास सव्वादोनशे वर्षांच्या आत कायद्याचे बळ मिळाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे. अवधान-न्यूनता विकाराचा मात्र तीत स्वतंत्र नावाने उल्लेख नाही. ज्या अवस्थेस कायद्यात नाव नाही, तिच्यासाठी शाळेकडून सवलत मागताना पालकास प्रत्येक वेळी नव्याने पटवून द्यावे लागते. आणि पटवून देणे साधले नाही की जुना प्रश्न पुन्हा पुढे येतो, तुम्ही घरी लक्ष देत नाही काय?

या इतिहासाचे तात्पर्य थोडक्यात असे सांगता येईल. पालकांवरील दोषारोप हा निरीक्षणातून निघालेला सिद्धांत नव्हे. ज्या ज्या वेळी बारकाईने निरीक्षण झाले, मग ते क्रायटनचे असो, स्टिलचे असो, मस्तिष्कदाहाच्या साथीतील असो की १९७९ चे असो, त्या त्या वेळी त्याचा रोख पालकांपासून दूर गेला. तो आरोप परत आला तो प्रायः निरीक्षणाच्या अभावी, उपपत्तीच्या आग्रहाने. याउलट पालकांच्या वर्तनास महत्त्व नाही, हेही निरीक्षणास धरून नाही. विकार त्यांच्यामुळे होत नाही, पण त्याची वाट पुष्कळशी त्यांच्या व शिक्षकांच्या हातून ठरते.

म्हणून अशा मुलाची आई शाळेत बोलाविली जाते, तेव्हा तिला काय विचारावे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. 'तुम्ही याला वळण का लावले नाही' हा कारणाचा प्रश्न आहे आणि त्याचे गृहीत चुकीचे आहे. 'हा कोणत्या वेळी, कोणत्या कामात, कोणाजवळ अधिक स्थिर असतो' हा प्रश्न विचारल्यास ती आई साक्षीदार म्हणून बोलू शकते. आणि त्या मुलाविषयी तिच्याइतके निरीक्षण दुसऱ्या कोणापाशीही नसते. आपल्या प्रांतातील शिक्षणसंशोधकांनी मराठी घरांतील व शाळांतील अशा साक्षी पद्धतशीरपणे गोळा केल्यास या इतिहासाचे पुढील प्रकरण आपल्या भाषेत लिहिता येईल.